उतारावर लावलेली गाडी

४ फेब्रुवारी, मंगळवार

मी आरोपी! सकाळी चहाचा कप घेऊन स्कूलच्या दारात उभी होते आणि दुपारी पोलीस चौकीत सही करत होते. घडलं तसं लिहून ठेवते. उद्यापासून जो तो विचारणार, आणि दहा जणांना सांगून झालं की माझं मलाच वेगळं आठवायला लागेल.

तर — मास्तर. आमच्या ड्रायव्हिंग स्कूलचे सगळ्यात वयस्कर विद्यार्थी. निवृत्त हेडमास्तर, सत्तरी कधीच ओलांडलेली, आणि शिकतायत मुलांपासून चोरून. घरी सांगतात, फिरायला जातो. बायकोला सारखं दवाखान्यात न्यावं लागतं आणि दर वेळी मुलांची मनधरणी करायची त्यांना जिवावर येतं. आज वेळेच्या आधीच आले. वन्सं आत फोनवर बोलत होत्या. माझं लायसन्स रद्द झाल्यापासून शिकवणं सगळं वन्संच्याच गळ्यात पडलंय. भावाचं घर म्हणून बिचाऱ्या निमूट करतात. मास्तर एकटेच गाडीत बसले आणि 'जरा सराव' म्हणून हँडब्रेक सोडला. स्कूलसमोर उतार! उतार संपतो तिथे चौक!

गाडी सरकताना दिसली आणि मी कप टाकून धावले. कशी धावले मला माहीत नाही, गुडघे तर जिना चढतानासुद्धा कुरकुरतात. शेजारच्या सीटचं दार उघडलं, आत पडले आणि आमचा तो शिकवणाऱ्याच्या बाजूचा दुसरा ब्रेक दाबला. गाडी थांबली. पण कशी? तोंड फूटपाथकडे, शेपूट रस्त्यात, आणि शेजारच्या हॉस्पिटलचं अर्धं गेट अडवून. मास्तरांचा चेहरा पांढराफटक. हँडब्रेक ओढला, त्यांना उतरवलं, पायरीवर बसवलं, पाणी पाजलं आणि म्हटलं, आता थांबू नका, सरळ घरी जा. मुलांना कळलं असतं तर त्यांचं शिकणं तिथेच संपलं असतं.

इथवर माझं काही चुकलं नाही. ह्यापुढे मी जे केलं ते कुठल्याही शहाण्या बाईनं केलं नसतं. मी ड्रायव्हरच्या सीटवर बसले, गाडी मागे घेतली आणि फूटपाथला लावून सरळ उभी केली. चाकं कडेला वळवली, गिअरमध्ये टाकली, काचा वर केल्या. उतरले, तर समोर चौकातला हवालदार. अख्खा रस्ता त्याला शिट्टी म्हणतो.

"लायसन्स?" म्हणाला.

"रद्द आहे," म्हटलं.

इतकं बावळट कुणी असतं का!

५ फेब्रुवारी

ह्यांना काल नीट सांगितलंच नव्हतं. आज दुकानात जाऊन सांगितलं. हे कापड बेतत होते. सगळं ऐकून घेतलं. मग एकच विचारलं, गाडी का हलवलीस?

म्हटलं, वाकडी होती.

ह्यांनी कात्री खाली ठेवली. म्हणाले, "वाकडी शिवण मलाही बघवत नाही, मी उसवतो. मला कळलं. पण कोर्टाला कसं कळायचं?"

ह्यांना आयुष्यात गाडी चालवता आली नाही. ड्रायव्हिंग शिकवणारीचा नवरा, आणि माझ्या शेजारी बसले की डोळे मिटून घेतात! पण माणूस कळतो ह्यांना. मी तिथेच शिलाईच्या मशीनशी बसून रडले. गिऱ्हाईक आलं तेव्हा उठले.

८ फेब्रुवारी, शनिवार

वकील मिळाली. कोण असावी? गचके!

मी विद्यार्थ्यांना नावं ठेवते, ती खोड आहेच माझी. क्लच सोडताना ही पोरगी असे गचके द्यायची की मागच्या सीटवरच्याला उलटी व्हावी. टेस्टमध्ये तीनदा नापास झाली, चौथ्यांदा कशीबशी सुटली. आता काळा कोट घालून बसते, टेबलावर फायलींचा ढीग, आणि अशिलाशी बोलताना आवाजात एकही गचका नाही. मला बघून उभी राहिली. म्हणाली, मॅडम, तुम्ही मला चार वेळा त्याच उतारावर गाडी उभी करायला लावली होती.

मग गंभीर झाली. रद्द झालेलं लायसन्स असताना गाडी चालवणं हा साधा दंड भरून सुटायचा मामला नाही म्हणे. तुरुंगही होऊ शकतो. आणि तुरुंग झाला नाही तरी गुन्हा शाबित झाला की लायसन्स परत मिळायचं दार कायमचं बंद. स्कूलची परवानगी माझ्या नावावर, म्हणजे स्कूलही गेलं.

तुरुंगाची भीती वाटली नाही असं लिहिलं तर खोटं होईल. पण त्याहून जास्त भीती वाटली ती 'कायमचं' ह्या शब्दाची. गेल्या वर्षी सिग्नलला स्टीअरिंगवर डोकं टेकून बेशुद्ध पडले, मागचे हॉर्न वाजवत राहिले, लायसन्सच्या ऑफिसनं लायसन्स रद्द केलं. ते मी गिळलं. म्हटलं ठीक आहे, दुखणं आहे, बरं होईल, परत मिळेल. त्या आशेवर तर रोज सकाळी स्कूलचं दार उघडते.

१३ फेब्रुवारी

डॉक्टरीणबाईंकडे गेले. हृदयाचा ठोका मध्येच चुकतो, त्यानं चक्कर आली होती. नवी गोळी लागू पडलीय म्हणाल्या. तेव्हापासून एकदाही पडले नाही हे त्यांनी दोनदा विचारून घेतलं. एकदाही नाही! पुढच्या तपासणीपर्यंत असंच राहिलं तर गाडी चालवायला हरकत नाही असं लिहून देणार आहेत.

येताना बसमध्ये उभी होते तरी गुणगुणत होते.

१४ फेब्रुवारी

वन्संनी आज गाडी मुद्दाम वाकडी लावली. म्हणाल्या, वहिनी, सवय करा. मेल्या!

१९ फेब्रुवारी, बुधवार

गचकेकडे तालीम. ती सरकारी वकील होऊन प्रश्न विचारते, मी उत्तरं देते, ती कपाळाला हात लावते.

तिचं म्हणणं असं. शेजारच्या सीटवरून ब्रेक दाबला त्याला कुणीच गाडी चालवणं म्हणणार नाही, ते जीव वाचवणं झालं. अडचण आहे नंतरची. पण गाडी हॉस्पिटलच्या गेटात होती, उतारावर होती, ती तशी सोडणं धोक्याचं होतं, म्हणून नाइलाजानं चार हात मागे घेतली. नाइलाज, हा आपला बचाव.

"आणि मॅडम, 'वाकडी होती' हे दोन शब्द कोर्टात काढायचे नाहीत."

"पण वाकडी होतीच."

"गेट अडलं होतं म्हणा. तेही खरंच आहे ना?"

खरं आहे. पण त्या क्षणी माझ्या मनात गेट नव्हतं, हेही खरं आहे. तिला तसं म्हटलं तर म्हणाली, मनातलं कोर्टाला नका सांगू, विचारलं तेवढंच सांगा.

आणि तिला साक्षीदार हवा. मास्तर. गाडी त्यांच्या हातून सुटली हे त्यांनी सांगितल्याशिवाय माझी गोष्ट कोण खरी मानणार? शिट्टीनं तर मला एकटीलाच गाडीतून उतरताना पाहिलं. मी नाही म्हटलं. त्या माणसाला मीच घरी पाठवलं, आता मीच कोर्टात ओढू? गचके चिडली. मीही चिडले. चहा तसाच टाकून आले.

२० फेब्रुवारी

दिवसभर कुणाशी धड बोलले नाही. हे म्हणाले, भांडण वकिलाशी आणि शिक्षा आम्हाला.

२३ फेब्रुवारी, रविवार

मास्तर स्वतःच आले!

सुटीचा दिवस, स्कूल बंद. मी खिडक्या पुसत होते. बघते तर मास्तर, आणि बरोबर थोरला मुलगा. मुलाचा चेहरा असा की आता भांडणार. वन्संनी परवा मास्तरांना सगळं सांगून टाकलं होतं. मला एका शब्दानं बोलल्या नाहीत. वन्सं, तुमच्याशी नंतर बघते!

मास्तर बसलेसुद्धा नाहीत. वर्गात उभे राहावं तसे उभे. म्हणाले, बाई, मला घरी जा म्हणालात आणि मी गेलो. तुमच्यावर केस झालीय हे मला कुणी सांगितलं नाही. आता सांगितलंय, तर मी घरी बसून राहू शकत नाही. मी घरच्यांनाही सांगितलंय.

मुलाकडे बघायचा मला धीर होईना. तो म्हणाला, "बाबांना तुम्ही शिकवायला नको होतं." मग म्हणाला, "पण ती गाडी चौकात गेली असती. आईला कोण सांभाळणार होतं?" आणि एकदम खिडकीकडे तोंड फिरवलं.

मास्तर साक्ष देणार. गचकेला फोन केला. माफी मागायला केला होता, पण तिनं मागू दिली नाही, लगेच कामाचं विचारायला लागली.

आज बरं वाटतंय. खूप दिवसांनी छातीवरचं ओझं उतरल्यासारखं वाटतंय.

५ मार्च

कोर्टाची पहिली तारीख. दिवसभर बाकावर बसून राहिलो. पुकारा झाला तेव्हा पुढची तारीख मिळाली. बस्स.

एवढं मात्र कळलं, जज्ज बाई आहेत. चष्म्यावरून बघतात.

११ मार्च, मंगळवार

डॉक्टरीणबाईंनी लिहून दिलं! हृदय नीट चालतंय, चक्कर नाही, गाडी चालवायला हरकत नाही. गचके म्हणते, केस सुटली की लगेच लायसन्सच्या ऑफिसात अर्ज लावते, तिथले साहेब एकदा समोर बसवून विचारतात आणि मग देतात.

ह्यांना म्हटलं, पहिली फेरी तुमच्याबरोबर. म्हणाले, डोळे उघडे ठेवीन, वचन देत नाही.

२० मार्च, गुरुवार

हात दुखेपर्यंत लिहिणार आज.

हे आले होते, गळ्यात मेजरिंग टेप तशीच! दुकानातून घाईघाईनं निघाले, काढायची राहून गेली. कोर्टाच्या दारात शिपायानं विचारलं, हे काय? वन्सं हसता हसता बाकावर बसल्या.

आधी शिट्टी. माझ्या विरुद्धचा साक्षीदार, पण बाबा सरळ माणूस निघाला. गचकेनं विचारलं तेव्हा कबूल केलं की गाडी त्याच्या नजरेला पडली तेव्हा ती रस्त्यात आडवी होती आणि हॉस्पिटलचं गेट निम्मं अडलं होतं. थोड्या वेळानं एक अँब्युलन्स आत गेली, हेही सांगितलं. मग स्वतःहून म्हणाला, बाईंनी गाडी इतकी चोख लावली होती की मी क्षणभर बघतच राहिलो, मग ड्युटी आठवली. लोक हसले. जज्जबाई नाही हसल्या.

मग मास्तर. पिंजऱ्यात ताठ उभे. म्हणाले, हँडब्रेक मी सोडला, कुणाला न विचारता सोडला, गाडी माझ्या ताब्यात राहिली नाही. सरकारी वकिलांनी खोचकपणे विचारलं, ह्या वयात गाडी कशाला शिकता? मास्तर म्हणाले, बायकोसाठी. एवढंच. मागे बसलेला मुलगा खाली बघत होता.

मग मी. गचकेनं विचारलं त्याची उत्तरं पाठ केल्यासारखी दिली, छान गेली. मग सरकारी वकील उठले. उंच, शांत, आवाज गोड. म्हणाले, गेट अर्धं मोकळं होतं. अँब्युलन्स आली ती नंतर. तुम्ही गाडीत बसलात तेव्हा कुठलीही गाडी आत जायला खोळंबली नव्हती. हँडब्रेक ओढलेला होता. मग गाडी का हलवलीत?

गचकेकडे बघितलं. तिनं डोळ्यांनी 'गेट' म्हटलं. मी शपथ घेतली होती. तोंडातून आलं —

"वाकडी होती."

कोर्टात हशा. गचकेनं डोळे मिटले, अगदी हे मिटतात तसे! मला वाटलं, संपलं. माझ्याच जिभेनं माझा घात केला.

जज्जबाईंनी हशा थांबू दिला. मग स्वतः विचारलं, वाकडी म्हणजे काय? मी सांगितलं. उतारावर गाडी कडेला चाकं वळवून, गिअरमध्ये टाकून सोडायची, हे आम्ही पहिल्या दिवशी शिकवतो. ही गाडी नुसत्या हँडब्रेकवर लटकली होती आणि मघाच एकदा सुटली होती. तशी गाडी मागे ठेवून मी कधीच उठलेले नाही. मला तिथून पाय उचलवेना.

त्यांनी लिहून घेतलं. मग चष्म्यावरून बघत म्हणाल्या, "तुमची नणंद आत होती. तिच्याकडे लायसन्स आहे. तिला हाक का नाही मारलीत?"

ह्या प्रश्नाची तालीम आम्ही केलीच नव्हती. गचकेला सुचला नव्हता, मला तर नाहीच.

"सुचलं नाही," म्हटलं. "गाडी माझी आहे असंच वाटलं. हात आपोआप गेले. लायसन्स नाही हे आठवलं ते हवालदारानं मागितल्यावर."

आता हसलं कुणी नाही. मला रडू येत होतं, पण आलं नाही.

बाहेर आल्यावर गचकेला म्हटलं, मी तुझी केस बुडवली. ती म्हणाली, मॅडम, तुम्ही काय केलंत ते मला अजून कळलं नाहीये, परवा कळेल. आणि मला मिठी मारली. कोट इस्त्रीचा होता, चुरगळला.

२१ मार्च

जेवण गेलं नाही. स्वयंपाक ह्यांनी केला. खारट.

२२ मार्च, शनिवार

सुटले! सुटले! सुटले!

जज्जबाईंनी वाचून दाखवलं. निम्मं कायद्याचं, मला कळलं नाही. कळलं ते एवढं. गाडी एकदा सुटली होती, पुन्हा सुटण्याची भीती खरी होती, खाली चौक होता आणि शेजारी हॉस्पिटलचं गेट. भीती ताजी असताना, जवळच्या कडेला, लागेल तेवढीच गाडी हलवली. आरोपीनं स्वतःला वाचवणारं उत्तर समोर असताना ते दिलं नाही, म्हणून बाकीच्या सांगण्यावरही विश्वास ठेवता येतो. निर्दोष.

मग कागद खाली ठेवून म्हणाल्या, "पुढच्या वेळी नणंदेला हाक मारा."

वन्सं मागून मोठ्यानं 'हो' म्हणाल्या. शिपायानं दटावलं.

मास्तरांचा मुलगा बाहेर थांबला होता. म्हणाला, बाबांना शिकवा, पण मीही बरोबर बसणार. वन्संनी तिथल्या तिथे वेळ ठरवून टाकली. शिट्टीसुद्धा लांबून हात हलवून गेला. गचकेला म्हटलं, तुझं नाव बदलते आता. म्हणाली, नको, सवय झालीय.

घरी येऊन झोपले ती संध्याकाळीच उठले. ह्यांनी दुकान उघडलंच नव्हतं. उशाशी बसून होते.

२६ मार्च, बुधवार

लायसन्सच्या ऑफिसची तारीख मिळाली, मंगळवार. डॉक्टरीणबाईंचं पत्र आहे, कोर्टाचा निकाल आहे. गचके म्हणते, आता नाही म्हणायला त्यांच्याकडे कारणच नाही.

संध्याकाळी उभ्या गाडीत नुसती बसले. शेजारच्या सीटवर, कायदा पाळून! सीट मागेपुढे केली. आरसा माझ्या डोळ्यांच्या रेषेत आणला. वन्संनी उद्या बदललेला बघून ओरडायला नको म्हणून परत होता तसा केला.

खरंच सांगते, पंचविशीत पहिलं लायसन्स मिळालं तेव्हासुद्धा एवढा आनंद झाला नव्हता. तेव्हा कळत नव्हतं की ही गोष्ट जाऊ शकते.

२९ मार्च

नवी पाटी रंगवायला टाकली. वन्संचं आणि माझं, दोघींचं नाव. वन्सं म्हणतात, माझं वर हवं. विचार करते म्हटलं!

३१ मार्च, सोमवार

सकाळी गच्चीवर कपडे वाळत घालत होते. चादर दोरीवर टाकली. त्यानंतरचं एकदम आठवतं ते — मी खाली आडवी, गालाला फरशी, चादर अंगावर, बादली कलंडलेली. किती वेळ, माहीत नाही. कोपर सोललंय. गच्चीवर कुणी नव्हतं. कुणी पाहिलं नाही.

पायरीवर बसून राहिले. उद्या मंगळवार. गप्प बसले असते तर कुणालाच कळलं नसतं.

मग गचकेला फोन केला. म्हटलं, अर्ज मागे घे. तिनं कारण विचारलं, मी सांगितलं. ती रडली, मी नाही.

नंतर ह्यांना केला. म्हटलं, मी पडले होते. हे म्हणाले, "जागची हलू नकोस. मी निघालो."